पाऊस खरा पडलाय

मुरुडच्या समुद्रात सूर्य बुडाला, कर्द्याच्या बाजूने आलेले प्रवासी आपापल्या मुक्कामी परतले आणि दुर्गादेवीच्या देवळात सांजवात लागली, म्हणजे आमच्या आळीतील एखाद्या घराच्या ओटीवर जी चार-सहा माणसे येऊन टेकतात, त्यांच्या बोलण्याचे विषय पूर्वी ठरलेले असत: सुपारीचा भाव, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव, कोणाच्या हद्दीच्या दाव्याची दापोलीच्या कोर्टात पडलेली पुढची तारीख. गेल्या सात-आठ वर्षांत त्यांत एका विषयाची भर पडली आहे आणि तो आता इतका रुळला आहे, की त्याच्यावाचून संध्याकाळ पुरी होत नाही. काल रात्री कोणी काय पाहिले, हा तो विषय. चित्रपट पाहण्यासाठी ज्या गावातील माणसाला बाहेरगावी जावे लागे, त्या गावात आज प्रत्येक घरी, किंबहुना प्रत्येक उशाशी, जगभरातील चित्रपटांचे आणि मालिकांचे भांडार येऊन पडले आहे. आणि त्या भांडाराविषयी गावची माणसे जे सहज, जाता जाता, चहाचा कप खाली ठेवताना बोलून जातात, ते मला अलीकडे छापील परीक्षणांहून अधिक मोलाचे वाटू लागले आहे.

मागल्या श्रावणातील गोष्ट सांगतो. ‘तुंबाड’चा विषय निघाला होता. एकाने त्यातील भयाची, दुसऱ्याने छायाचित्रणाची, तिसऱ्याने शेवटाची वाखाणणी केली. पंच्याहत्तरी ओलांडलेले, उभा जन्म नारळी-पोफळीत काढलेले शेजारचे काका मात्र अडकित्त्याने सुपारी कातरीत बराच वेळ गप्प बसले होते. सर्वांचे बोलून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “पाऊस खरा पडलाय.”

मी त्या रात्री घरी जाऊन चित्रपट पुन्हा लावला आणि केवळ पाऊस पाहिला. नळाने पाडलेला पाऊस माणसाच्या अंगावर पडतो, पण त्याच्या मागच्या डोंगरावर पडत नाही. तो थेंबांचा असतो, उजेडाचा नसतो. खऱ्या पावसात प्रथम उजेड बदलतो, भर दुपारी घरात दिवा लावावासा वाटतो, जांभ्याच्या भिंतीवरची शेवाळ काळपट हिरवी होते, वाटेवरचा लाल चिखल पाय धरून ठेवतो आणि दूरचे झाड जवळच्या झाडाच्या मागे विरून जाते. ‘तुंबाड’मध्ये हे सारे आहे. राही अनिल बर्वे ह्या दिग्दर्शकाने आणि पंकज कुमार ह्या छायाचित्रकाराने २०१२ साली त्याच्या चित्रणास आरंभ केला, मनाजोगते न उतरल्यामुळे बराचसा भाग पुन्हा चित्रित केला, त्यासाठी एकामागून एक पावसाळे वाट पाहिली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात चित्रपट लोकांपुढे आणला. ही हकीकत काकांच्या कानी कधीच गेली नव्हती. जे चित्रपटाच्या दफ्तरात नोंदलेले होते, ते त्यांनी पडद्यावरच्या उजेडातून वाचून काढले; कारण पावसाचे पंचाहत्तर हंगाम त्यांच्या स्वतःच्या दफ्तरी जमा होते. दापोलीच्या परिसरात वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ज्याचे सारे उत्पन्न त्या पावसाच्या हाती आहे, त्याला त्याची नक्कल कोण विकणार?

अभिप्राय देण्याची ही रीत आमच्या भागात नवी नाही. शिमग्यात नमन-खेळे आले, गणपतीत जाखडीची बारी झाली, की त्यानंतर आठवडाभर शेतावर, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर त्याच खेळाची चर्चा चाले. कोणता सोंगाड्या कमी पडला, मृदंग कुठे सुटला, संकासुराने आयत्या वेळी काय घातले, ह्यांचा पुरता फैसला झाल्यावाचून खेळ संपला असे कोणी मानीत नसे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे यथावकाश कोकणातही ते दिसू लागले, तेव्हा ही चर्चा तशीच त्याच्याकडे वळली; १९८७-८८ च्या रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या घरी अंगणापर्यंत माणसे बसत, आणि मालिका संपल्यावर ती उठत नसत. ह्या सर्वांत एक गोष्ट समान होती: पाहणारे सारे एकत्र पाहत, एकाच वेळी पाहत, आणि म्हणून बोलायला सर्वांपाशी एकच वस्तू असे.

आताच्या ह्या नव्या साधनाने ती गोष्ट मोडली. हॉटस्टार २०१५ साली सुरू झाले, नेटफ्लिक्स २०१६ च्या जानेवारीत भारतात आले, अ‍ॅमेझॉनची प्राइम व्हिडिओ सेवा त्याच वर्षाच्या डिसेंबरात आली. परंतु खेड्यांच्या दृष्टीने खरी तारीख ह्यांपैकी शेवटच्या दोहोंच्या मधली आहे, कारण २०१६ च्या सप्टेंबरात जिओने आपली सेवा खुली केल्यानंतरच मोबाइलवर तासन् तास चित्र पाहणे सामान्य माणसाच्या ऐपतीत आले. ह्या सेवांचा व्यवहार वाचकाने थोडा समजून घ्यावा. त्यांच्या यादीत दिसणारे सर्व काही त्यांच्या मालकीचे नसते. काही त्यांनी स्वतः करविलेले असते, पण पुष्कळसे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेले असते, आणि मुदत सरली की काल दिसणारा चित्रपट आज नाहीसा होतो. कोणी शिफारस केलेला चित्रपट महिन्याभराने शोधावा आणि तो कोठेच सापडू नये, हा अनुभव त्यामुळेच येतो. दुसरे असे, की प्रत्येक प्रेक्षकाने काय लावले, किती वेळ पाहिले, कोठे थांबविले, काय अर्ध्यावर सोडले, ह्याची नोंद यंत्र ठेवते आणि त्या नोंदीवरून त्याच्यासारख्याच इतर प्रेक्षकांनी जे पाहिले ते त्याच्यापुढे मांडते. एकाच घरातील सासू, सून आणि नातू ह्यांच्यापुढे म्हणून तीन निरनिराळी दुकाने उघडतात. प्रत्येकाचे दुकान वेगळे झाले, तेव्हा सर्वांना मिळून बोलण्यासारखे काही उरेल की नाही अशी मला काही काळ धास्ती वाटत होती.

ती धास्ती दूर होण्यास एक दुर्दैव कारण झाले. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. मुंबई-पुण्याची मुले गावी परतली, आणि त्यांनी आपल्याबरोबर आपल्या सेवांची वर्गणी आणि आपली आवड आणली. एप्रिल-मे ह्या दोन महिन्यांत आमच्या आळीने जेवढे चित्रपट पाहिले तेवढे त्याआधी दहा वर्षांत पाहिले नसतील. आणि मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलेल्या त्या वादळाने मंडणगड आणि दापोली ह्या तालुक्यांची काय दशा केली, ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगावयास नको. पिढ्यान् पिढ्या राखलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. त्या काळोखातील संध्याकाळी पडलेल्या बागांचे पंचनामे झाल्यावर माणसे ओटीवर बसत आणि दुःखाच्या बोलण्याला विसावा म्हणून कधी कधी वादळाआधी पाहिलेल्या मालिका एकमेकांना सांगत. एकाने अर्धी पाहिलेली असे, दुसऱ्याला शेवट ठाऊक असे; जे पाहिले नव्हते ते ऐकून कळे. चित्र गेले आणि केवळ त्याविषयीचे बोलणे उरले, तेव्हा मला प्रथम जाणवले, की हे बोलणे चित्राचे शेपूट नव्हे. त्याला स्वतःचा जीव आहे.

‘तुंबाड’कडे पुन्हा वळतो, कारण त्या चित्रपटाशी आमचे नाते केवळ पावसाचे नाही. तुंबाड हे गाव ह्याच रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी आहे, आणि मराठी वाचकाला ते परिचित झाले ते श्री. ना. पेंडसे ह्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ ह्या १९८७ सालच्या दोन खंडी कादंबरीमुळे. पेंडसे जन्माने दापोली तालुक्यातील मुर्डीचे. म्हणजे आमच्या शेजारचेच म्हणावयाचे. चित्रपटाने कादंबरीपासून घेतले ते मुख्यतः नाव. कथेचे मूळ नारायण धारपांच्या भयकथेच्या परंपरेत आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत ती घडते, आणि वाड्याच्या पोटात दडलेल्या हस्तर नावाच्या शापित देवपुत्राकडून सोन्याची मुद्रा मिळविण्याचा बापाचा हव्यास मुलात कसा उतरतो, हे सांगते. ही दैवतकथा चित्रपटकर्त्यांनी स्वतः रचलेली आहे, आमच्या कोणत्याही पुराणात ती नाही. तरीही ती परकी वाटत नाही. खोतांचा प्रचंड ओस वाडा, त्यात एकटी उरलेली म्हातारी, वाड्याच्या पोटात काही तरी पुरून ठेवले आहे अशी पिढीजात कुजबूज, हे ज्या जिल्ह्यात खोतीची वहिवाट शतकानुशतके चालली आणि १९४९ च्या कायद्याने ती संपुष्टात आली त्या जिल्ह्यातील माणसाला कल्पित वाटत नाही. १९४७ च्या भागात वाडा सरकारजमा होणार अशी वार्ता येते, तेथे आमच्या ओटीवरील सर्वांत वृद्ध श्रोत्याने निःश्वास टाकला. सोन्याच्या लोभाचे भय तरुणांना वाटले. त्या वृद्धांना मात्र वहिवाट जाण्याचे भय आठवले. एकाच दृश्यात दोन पिढ्यांना दोन भये दिसावीत, हे त्या कलाकृतीचे सामर्थ्य मी समजतो.

ह्या चित्रपटाचे भाग्यही ध्यानात घेण्याजोगे आहे. व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला, तरी चित्रपटगृहांत त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. पुढे तो घराघरांत पाहिला गेला, एकाने दुसऱ्याला सांगितला, आणि सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न त्याने मिळविले. मधल्या काळात एका माणसाने दुसऱ्या माणसाला, “हा बघ, रात्री दिवे मालवून बघ,” असे सांगितल्यावाचून हे घडले नसते. सहज अभिप्रायाचे बळ एवढे असते.

लोभाच्या, अंधश्रद्धेच्या आणि पुरलेल्या धनाच्याच विषयावरची, पण कल्पित नसलेली गोष्ट म्हणजे सोनी लिव्हवर २०२४ च्या ऑक्टोबरात आलेली ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात स्त्रियांच्या आणि लहान मुलींच्या हत्यांचे जे भीषण सत्र झाले, त्याचा तपास करणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी ह्यांच्या आठवणींवर ती आधारलेली आहे. आशिष बेंडे ह्यांचे दिग्दर्शन, आणि आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर ह्यांच्या भूमिका. तपासाची संथ, कागदोपत्री, चिकाटीची गती तिने राखली आहे आणि तेच तिचे भूषण आहे, असे माझे मत. मात्र एका गृहिणीने ती तिसऱ्या भागानंतर सोडली, आणि कारण विचारता म्हणाली, “तुंबाडात राक्षस होता म्हणून झोप लागली. ह्यात माणसंच आहेत.” अंधश्रद्धेचे भय किती निकटचे असते, हे ह्या दोन वाक्यांत जेवढे उतरले आहे, तेवढे मला पानभर लिहून साधले नसते.

आणि येथेच यंत्राच्या नोंदीचा अपुरेपणा स्पष्ट होतो. तिने मालिका सोडली, एवढे त्या सेवेच्या हिशेबी आले असेल. ती नावडली म्हणून सोडली, की फार भिडली म्हणून, हे त्या हिशेबाला कळण्याची तजवीज नाही. ह्याचा आणखी एक दाखला माझ्यापाशी आहे आणि तो मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

२०२३ च्या नोव्हेंबरात आलेला आणि नंतर नेटफ्लिक्सवर दिसू लागलेला ‘थ्री ऑफ अस’ हा अविनाश अरुण ह्यांचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली शैलजा, शेफाली शाह ह्यांनी साकारलेली, सारे विसरून जाण्यापूर्वी आपल्या बालपणीच्या वेंगुर्ल्याला एकदा जाऊन यावे म्हणून पतीसह निघते. तेथे तिला बालपणीचा सोबती भेटतो, जुने घर भेटते, लहानपणी गमावलेल्या बहिणीची सल भेटते. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच. पण ज्याला कथानक म्हणत नाही असे त्यात किती तरी आहे: दुपारच्या रस्त्याची सुस्ती, लाटेचा दुरून येणारा आवाज, पतीच्या मुद्रेवरील ती समजूतदार असुरक्षितता, जी स्वानंद किरकिरे ह्यांनी एकही शब्द वाढवून न घेता दाखविली आहे. जयदीप अहलावत ह्यांचा बँकेतला कामत फावल्या वेळात भरतकाम करतो, ही एक बारीकशी गोष्ट त्या माणसाचे सारे अंतःकरण उघडे करते. ह्याच दिग्दर्शकाचा ‘किल्ला’, ज्याला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी स्फटिक अस्वलाचे पारितोषिक दिले, तोही कोकणातलाच आणि तोही गमावण्याविषयीचाच: वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे अनोळखी किनाऱ्यावर येऊन पडतो आणि तेथे मित्र जोडतो. पाऊस, बंदर, पोरांच्या सायकली, आणि त्या मुलाची न बोलणारी आई, अमृता सुभाष. ह्या दोन चित्रपटांना मी एकाच माणसाने दोन वयांत पाहिलेला समुद्र मानतो.

आमच्या आळीतील एक आत्या, ज्यांनी तरुणपणी मुंबईच्या चाळीत संसार केला आणि आता साठ वर्षांनी माहेरच्या घरी येऊन राहिल्या आहेत, त्यांनी ‘थ्री ऑफ अस’ पाहायला तीन रात्री घेतल्या. पावणेदोन तासांचासुद्धा नसलेला चित्रपट! पहिल्या रात्री शैलजा जुन्या घरापाशी येते तेथे त्यांनी तो बंद केला. मी विचारले, “आवडला नाही का हो, आत्या?” तर म्हणाल्या, “अरे, घर आलं ना. एवढ्यात आत नाही जायचं.” दुसऱ्या रात्री थोडा, तिसऱ्या रात्री उरलेला. चित्रपटगृहात हे शक्य नव्हते. तेथे चित्र आपल्या गतीने जाते आणि आपण त्याच्यामागे धावतो. घरच्या पडद्याने ही एक मुभा दिली, की पाहणाऱ्याने उंबऱ्यावर थांबावे. मी ह्या साधनावर रागावलेल्या विद्वानांचे लेख वाचतो, त्यांतील पुष्कळ राग मला मान्य आहे. भाग संपताच दुसरा भाग आपोआप सुरू व्हावा ही तर मला जबरदस्तीच वाटते, आणि तरुण मुले रात्रीच्या तीनपर्यंत एकेक मालिका संपवितात ते पाहून काळजी वाटते. परंतु आत्यांनी उंबऱ्यावर थांबून पाहिलेला तो चित्रपट माझ्या मनात त्या रागाच्या शेजारीच बसलेला असतो.

आता एक मनातली खंत. ‘तुंबाड’ कोकणचा, ‘थ्री ऑफ अस’ कोकणचा, २०२४ च्या जूनमध्ये आलेला आणि शंभर कोटींच्या पलीकडे गेलेला आदित्य सरपोतदार ह्यांचा ‘मुंज्या’ही कोकणचा, आणि तिन्ही हिंदीत. मराठी माणसांनी रचलेले, मराठी भूमीवरचे, मराठी भयाचे आणि मराठी विरहाचे हे चित्रपट मराठीत बोलत नाहीत. ह्याचे कारण पैशाचे आहे, हे मी जाणतो. हिंदीला जेवढा बाजार आहे तेवढा मराठीला नाही, आणि एवढ्या पावसाची वाट पाहण्याचा खर्च मराठीला परवडत नाही. तरीही पिंपळावरच्या मुंज्याने हिंदीत हाका माराव्यात हे कानाला खटकतेच. ‘मुंज्या’ मुलांना रमवितो, त्याची गती चांगली आहे. पण त्यातले कोकण पडद्यामागे टांगलेले आहे, माणसांच्या बोलण्यात ते नाही. ह्या पार्श्वभूमीवर २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या ‘दशावतार’ ह्या मराठी चित्रपटाने मला धीर दिला. सुबोध खानोलकर ह्यांचे दिग्दर्शन. आणि एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर त्यात मुखवटे, रंग आणि देह ह्यांसह जे उभे राहतात, ते पाहताना वयाचा विचारच मनात येत नाही. उत्तरार्धात तो चित्रपट काहीसा घाईने सुडाकडे वळतो, असे मला वाटले. ओटीवर हे मत नामंजूर झाले. “देवाचं सोंग घेतलेल्यानं सूड नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?” असा प्रतिप्रश्न मला आला, आणि त्यावर मी अजून विचार करीत आहे.

इतर काहींविषयी थोडक्यात. ‘पंचायत’ ही प्राइम व्हिडिओवरील हिंदी मालिका २०२० च्या एप्रिलात, ऐन टाळेबंदीत सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तिचे चार हंगाम झाले. उत्तर प्रदेशातील फुलेरा नावाच्या कल्पित गावची ती कथा आमच्याकडे आबालवृद्धांना प्रिय आहे. निवृत्त ग्रामसेवक असलेल्या एका गृहस्थांचा तिच्यावर एकच आक्षेप आहे, की सचिवाला एवढा मोकळा वेळ कसा मिळतो. पहिले दोन हंगाम मला निर्मळ वाटले. पुढे गावचे राजकारण वाढले आणि गाव कमी झाले. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘द डिसायपल’, ज्याला २०२० साली व्हेनिस येथे पटकथेचे पारितोषिक मिळाले, तो मराठी चित्रपट गावात फारसा कोणी पुरा पाहिला नाही. पाहिला तो भजनी मंडळात पेटी वाजविणाऱ्या एका गृहस्थांनी, आणि ते म्हणाले, “गाणं कुठं कमी पडतं ते मला सांगता येणार नाही. पण कमी पडतंय हे त्याला कळतं, ते मला त्याच्या मानेवरून कळलं.” शास्त्रीय गायनाच्या साधनेत आयुष्य वेचून मध्यम प्रतीचा गायक राहणाऱ्या शरद नेरूळकरची सारी शोकांतिका, आदित्य मोडक ह्यांनी ती ज्या संयमाने वठविली आहे त्यासह, ह्या वाक्यात आली.

ह्या साधनाविषयी बोलताना अश्लीलतेचा प्रश्न टाळता येत नाही, आणि मुरुडच्या माणसाने तर तो टाळूच नये. चित्रपटगृहातील चित्राला १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र घ्यावे लागते. घरी येणाऱ्या ह्या चित्रांना तसा परवाना लागत नाही. २०२१ च्या नियमांनी सेवांनी स्वतःच वयोगट ठरवून तो दाखवावा असे केले: सर्वांसाठी, सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर, प्रौढांसाठी. २०२४ च्या मार्चमध्ये अठरा आणि २०२५ च्या जुलैमध्ये पंचवीस सेवा अश्लीलतेच्या कारणावरून सरकारी हुकुमाने बंद झाल्या. त्यांतील बहुतेकांविषयी मला काडीची सहानुभूती नाही. पण हे गाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे आहे, आणि त्यांचे चिरंजीव रघुनाथराव १८८२ साली ह्याच मुरुडात जन्मले. १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून लैंगिक शिक्षण आणि संततिनियमन ह्यांविषयी त्यांनी निर्भयपणे लिहिले, त्याबद्दल अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. अमोल पालेकरांनी २००१ साली ‘ध्यासपर्व’मध्ये, किशोर कदम ह्यांना रघुनाथरावांच्या भूमिकेत घेऊन, ही हकीकत चित्रित केली आहे. एखादी मालिका कोणी घाईने अश्लील ठरविली, की मी त्याला प्रथम विचारतो, त्यात माणसाचे अज्ञान कमी होते की लाज विकली जाते? उत्तर दर वेळी सोपे नसते. एका रात्री ह्याच प्रश्नावर आमच्या ओटीवर साडेअकरा वाजले होते, आणि घराघरांतून सुनांनी जेवणासाठी बोलावणे पाठविले तरी कोणी उठले नव्हते.

मालिकांच्या ह्या दीर्घ आकाराला साजेशी कोणती मराठी कृती आहे, असे कोणी मला विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता पेंडशांकडे बोट दाखवीन. ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालचा. त्याचे नाटक झाले, १९८० साली चित्रपट झाला, काशीनाथ घाणेकरांचा बापू ज्यांनी पाहिला ते अजून त्याचे वर्णन करतात. पण अडीच तासांत बापू मावतो, गारंबी मावत नाही. ‘रथचक्र’ला १९६३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, त्यातील आईची ती एकाकी, हट्टी झुंज आठ भागांच्या मालिकेत सावकाश उलगडावी, अशी आहे. आणि ‘तुंबाडचे खोत’, नावापुरते नव्हे तर सगळेच्या सगळे, चार पिढ्यांसह, जगबुडीच्या भरती-ओहोटीसह, आमच्या बोलीत. ह्या विषयावर आम्ही ओटीवर अनेकदा बोललो आहोत. बापू कोणी करावा ह्यावर एकमत नाही, त्याच कादंबरीतल्या राधेवर तर मुळीच नाही. काकांची अट मात्र पहिल्यापासून एकच आहे आणि ती त्यांनी कालही सांगितली: कोणीही करा, पण ते लोक आले तर त्यांना आषाढात यायला सांगा, आपल्या बागेतले मागचे घर रिकामेच असते, पत्रे नवे घातले आहेत, आणि महिनाभर राहिले तरी भाडे घेणार नाहीत.